कुत्र्याचा पोशाख तेवढा तसाच ठेवला: ‘विल्फ्रेड’ मेलबर्नहून लॉस एंजेलिसला

सोफ्यावर एक माणूस बसला आहे. अंगात राखाडी, केसाळ, जरासा मळका असा कुत्र्याचा पोशाख. डोक्यावर कानांची टोपी, मागे शेपूट, नाकाच्या शेंड्याला काळा रंग. चेहरा मात्र पूर्ण उघडा. घरातल्या बाईला तो कुत्रा दिसतो, नेहमीचा, पाळलेला. तिच्या शेजारच्या तरुणाला मात्र तो माणूस दिसतो. हा माणूस बोलतो, सिगारेट ओढतो, टोमणे मारतो आणि मध्येच कान खाजवतो. एवढ्याच भांडवलावर ‘विल्फ्रेड’ या मालिकेचे ऑस्ट्रेलियात १६ भाग झाले आणि अमेरिकेत ४९.

परदेशी विनोदी मालिका उचलून आपल्या देशात नव्याने बनवणं हा टीव्हीच्या धंद्यातला जुना व्यवहार आहे, आणि तो बहुतेक वेळा फसतो. ‘विल्फ्रेड’चं प्रकरण अभ्यासावं असं आहे, कारण इथे दोन्ही देशांत कुत्र्याची भूमिका एकाच नटाने केली, पोशाखाची कल्पना तीच ठेवली, आणि बाकी जवळजवळ सगळं बदललं. यातलं काय ठेवल्यामुळे मालिका टिकली आणि काय बदलल्यामुळे पुढे अडचणीत आली, हे दोन्ही नीट वेगळं करून पाहता येतं.

मूळ गोष्ट

सुरुवात लघुपटापासून झाली. अ‍ॅडम झ्वार आणि जेसन गॅन हे दोघे ऑस्ट्रेलियन नट-लेखक. एका मुलीच्या घरी गेलो होतो आणि तिचा कुत्रा माझ्याकडे ‘तुझा विचार काय आहे?’ अशा नजरेने बघत होता, असा किस्सा झ्वारने सांगितला. गॅनने तिथल्या तिथे कुत्रा होऊन उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि पटकथेचं बीज पडलं. टोनी रॉजर्सच्या दिग्दर्शनाखाली त्याचा लघुपट झाला आणि २००२ साली सिडनीच्या ट्रॉपफेस्ट या लघुपट महोत्सवात दाखवला गेला. या महोत्सवाची अट सात मिनिटांची. ती इथे वरदान ठरली. सात मिनिटांत ‘हे असं का दिसतं?’ याचं स्पष्टीकरण द्यायला जागाच नसते. तरुण येतो, बाई आतल्या खोलीत जाते, कुत्रा उलटतपासणी सुरू करतो. प्रेक्षकाला मानायचं असेल तर मानावं, नाहीतर उठून जावं.

मराठी प्रेक्षकाला हे मानणं जड जाऊ नये. आपल्या वगात सोंगाड्याने रंगमंचाला एक फेरी मारली की गाव बदलतं, आणि ‘हे कसं?’ असं कुणी विचारत नाही.

२००७ मध्ये एसबीएस या ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक वाहिनीवर आठ भागांचा पहिला हंगाम आला, २०१० मध्ये आणखी आठ भागांचा दुसरा. रचना तीन माणसांची: सारा, तिचा नवा मित्र अ‍ॅडम आणि तिचा कुत्रा विल्फ्रेड. अ‍ॅडमची भूमिका झ्वारने केली, विल्फ्रेडची गॅनने, साराची सिंडी वॉडिंगहॅमने. विल्फ्रेडचं अ‍ॅडमशी नातं मुलीच्या थोरल्या भावासारखं आहे. घरात आधी तो, नंतर हा. त्याला अ‍ॅडम आवडत नाही, पण सोबत मिळाली तर नकोही नाही. दोघे मिळून गांजा ओढतात, आणि दुसऱ्या दिवशी विल्फ्रेड अ‍ॅडमला साराच्या नजरेतून उतरवायची तजवीज करतो.

सगळ्या भागांना पुरणारा संघर्ष एका घरात आहे, एका बाईवरून आहे, आणि तो कधीच सुटणार नाही. अ‍ॅडमने सारा सोडली तरच विल्फ्रेडपासून सुटका. त्याला सारा हवी आहे, म्हणून कुत्राही आला. विनोदी मालिकेला यापेक्षा मजबूत पाया मिळणं अवघड.

अमेरिकेत नेमकं काय नेलं

अमेरिकन आवृत्ती एफएक्स या केबल वाहिनीवर २३ जून २०११ रोजी सुरू झाली. रूपांतर डेव्हिड झकरमन यांचं. त्याआधी ‘फॅमिली गाय’ या अ‍ॅनिमेटेड मालिकेच्या सुरुवातीच्या काळात ते निर्माते-लेखक होते. पहिल्या दोन हंगामांतले बहुतेक भाग रँडल आइनहॉर्न यांनी दिग्दर्शित केले. ते ‘द ऑफिस’च्या अमेरिकन आवृत्तीत छायाचित्रणापासून दिग्दर्शनापर्यंत काम करून आलेले. विल्फ्रेड गॅनच राहिला, आणि त्याचे ऑस्ट्रेलियन उच्चारही तसेच ठेवले. हा निर्णय वाटतो त्याहून मोठा होता. कुत्रा अमेरिकन बोलीत बोलला असता तर तो घरचाच कुणी वाटला असता. परक्या उच्चारांमुळे तो त्या गल्लीत कुठून तरी आलेला, थोडा उपरा, थोडा बेभरवशाचा राहतो. त्याचं मूळ काय, याबद्दलची शंकाही त्या आवाजातच जिवंत राहते.

दुसऱ्या बाजूला इलायजा वुड, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला फ्रोडो. इथे त्याचं नाव रायन न्यूमन. वकिली सोडलेला, वडिलांच्या अपेक्षांखाली दबलेला, एकटा राहणारा. कुत्र्याची मालकीण जेना त्याची शेजारीण. तिची भूमिका फियोना गुबेलमनने केली.

इथेच मूळ त्रिकोण मोडला. कुत्रा आता नायकाच्या प्रेयसीचा उरला नाही, शेजारणीचा झाला. नायक कुत्र्याच्या घरात राहत नाही, कुत्राच रोज त्याच्याकडे येतो. ‘सारा कुणाची?’ हा प्रश्न मागे पडला आणि त्याच्या जागी एक नवा प्रश्न आला: रायनलाच हा माणूस का दिसतो? मूळ मालिकेने जो प्रश्न कधी विचारलाच नाही, त्याच्यावर अमेरिकन मालिका उभी राहिली.

पहिल्या भागातली पहिली दहा मिनिटं

अमेरिकन मालिकेच्या पहिल्या भागाचं नाव ‘हॅपिनेस’. तो उघडतो तेव्हा रायन रात्री संगणकासमोर बसून आत्महत्येची चिठ्ठी लिहितो आहे, आणि तिचा मसुदा पुन्हा पुन्हा सुधारतो आहे. डॉक्टर असलेल्या बहिणीने, क्रिस्टनने, दिलेल्या गोळ्या तो घेतो. काहीच होत नाही. त्या साखरेच्या गोळ्या असल्याचं पुढे कळतं. रात्रभर जागा राहिलेला रायन सकाळी दार उघडतो. दारात जेना. मला कामावर जायचंय, दिवसभर माझ्या कुत्र्याकडे बघाल का, असं ती विचारते. तिच्या शेजारी राखाडी पोशाखातला माणूस उभा आहे.

या दाराच्या प्रसंगात तीन कामं एकाच वेळी होतात. प्रेक्षकाला मालिकेचा संकेत कळतो: हिला कुत्रा दिसतो, याला माणूस. रायनची मनःस्थिती आपल्याला आधीच माहीत असल्यामुळे ‘गोळ्यांचा परिणाम असेल’, ‘झोप नाही म्हणून असेल’, ‘डोक्यावर परिणाम झाला असेल’ अशा तीन वाटा मोकळ्या राहतात. आणि जेना इतकी साधी, इतकी घाईत आहे की तिला काही वेगळं दिसत असेल अशी शंकाही येत नाही. अशा प्रसंगात लेखकाचा हात पात्राच्या तोंडी चार वाक्यं जास्त घालायला शिवशिवतो. इथे तसं झालेलं नाही. रायन बघत राहतो, बस.

भागाचा उरलेला वेळ कृतीत जातो. बहिणीने लावून दिलेल्या नोकरीऐवजी रायन विल्फ्रेडसोबत दिवस काढतो. शेजारच्या मोटारसायकलवाल्या दांडगटाच्या घरात शिरून दोघे गांजाची झाडं पळवतात, विल्फ्रेड त्याच्या बुटात घाण करून ठेवतो. शेवटी कळतं की विल्फ्रेडने रायनचं पाकीटही मुद्दाम त्या घरात टाकलंय. म्हणजे जो मित्र तुम्हाला मरणाच्या काठावरून परत आणतो, तोच तुम्हाला पोलिसांच्या तोंडी देतो. इथे विल्फ्रेड थोरला भाऊ राहिला नाही. तो गुरू आहे आणि सैतानही आहे, आणि कोणत्या क्षणी कोण असेल याचा भरवसा नाही. नात्यातला हा बदल पहिल्या २२ मिनिटांतच पूर्ण होतो. पुढच्या काही हंगामांची शिदोरी त्यातच बांधलेली आहे.

तिसरं माणूस खोलीत आलं की

या मालिकेतली सर्वांत अवघड गोष्ट पोशाख नाही, तीन जणांचा प्रसंग आहे. रायन आणि विल्फ्रेड दोघेच असतील तर लेखन सोपं असतं, कारण तो दोन माणसांचा संवाद असतो. जेना किंवा क्रिस्टन आत आली की एकाच प्रसंगात दोन संभाषणं सुरू होतात, आणि त्यातलं एक तिला ऐकू येत नाही.

त्याचं गणित असं. विल्फ्रेडचं वाक्य तिसऱ्या माणसाच्या दोन वाक्यांमधल्या फटीत बसलं पाहिजे. फट मोठी ठेवली तर ती बाई उगाच थांबल्यासारखी दिसते, लहान ठेवली तर विनोद ऐकू येत नाही. रायनला विल्फ्रेडला उत्तर द्यायचं असेल तर ते वाक्य असं हवं की त्या बाईलाही ते आपल्याशीच बोललेलं वाटावं, किंवा निदान विचित्र पण शक्य वाटावं. असं दुहेरी वाक्य सापडलं नाही तर रायनने गप्पच बसावं. इलायजा वुडचे मोठे डोळे इथे कामी येतात. त्याचा अर्धा अभिनय गप्प राहण्यात आहे.

तिसऱ्या नटाचं काम तर त्याहून कठीण. सहा फुटी माणसाकडे बघून त्याला कुत्र्यासारखं कुरवाळायचं, आणि नजरेत एक क्षणही माणूस येऊ द्यायचा नाही. गुबेलमन हे फार स्वच्छ करते. ती विल्फ्रेडशी लाडाच्या आवाजात बोलते, डोकं थोपटते आणि बोलून होताच त्याला विसरून जाते. घरात कुत्रा असलेली माणसं असंच करतात, कुत्र्याकडे सतत बघत बसत नाहीत. तिने प्रत्येक वेळी जरा जास्त लक्ष दिलं असतं, तर ‘हिलाही माहीत आहे की काय?’ अशी शंका येऊन सगळा डोलारा पडला असता.

गॅनच्या बाजूचा नियम वेगळा. कुत्रेपण अधूनमधून दाखवायचं नाही, ते सतत चालू ठेवायचं आणि त्याच्यावर माणसाचं बोलणं चढवायचं. बोलता बोलता वास आला की वाक्य तुटतं. चेंडू दिसला की मुद्दा विसरला जातो. त्याने केलेल्या कुत्र्याच्या हरकतीला माणसाचं कारण मिळतं, आणि माणसाच्या कारणाला शेवटी कुत्र्याची भूक चिकटलेली असते. मोठ्या भरलेल्या अस्वलाच्या बाहुलीशी त्याचं जे ‘प्रेमप्रकरण’ आहे, त्यात हे दोन्ही थर एकदम दिसतात. जेनाच्या नजरेत कुत्रा खेळण्याशी चाळे करतोय. रायनच्या नजरेत एक प्रौढ माणूस आपल्या संबंधांबद्दल तक्रार करतोय.

वाहिनीचा वाटा

हे सगळं कुठे दाखवलं जातं यावरही बरंच ठरतं. अमेरिकेत अश्लीलतेविषयीचे सरकारी नियम हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांना लागू असतात. केबल वाहिन्यांना ते तसे लागू नाहीत. एफएक्स केबलवर होती, त्यामुळे गांजा, शिव्या आणि अस्वल हे तिन्ही टिकले. हीच मालिका एखाद्या मोठ्या राष्ट्रीय नेटवर्कने घेतली असती तर पहिल्याच बैठकीत गांजा गेला असता. तळघरात सोफ्यावर बसून दोघे गांजा ओढत निरर्थक गप्पा मारतात ते छोटे प्रसंगही गेले असते, आणि या मालिकेची उब त्या प्रसंगांतच आहे.

नेटवर्कवर गेलेल्या रूपांतरांची अवस्था बघितली की हा मुद्दा पटतो, पण कारण फक्त सेन्सॉरचं नव्हतं. ब्रिटनच्या ‘कपलिंग’ची अमेरिकन आवृत्ती एनबीसी या राष्ट्रीय नेटवर्कने सप्टेंबर २००३ मध्ये आणली. मूळ पटकथा जवळजवळ तशाच वापरल्या, आणि चार भाग दाखवून ती बंद केली. ब्रिटनच्याच ‘द आयटी क्राउड’च्या बाबतीत एनबीसीने मूळ मालिकेतला नट रिचर्ड अयोआडी यालाच त्याच्या मूळच्याच, मॉसच्या भूमिकेसाठी आणलं, पटकथाही मूळच्याच वळणावर लिहिली, आणि ते पायलटपुढे, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागापुढे, गेलं नाही. गॅनला आणण्याशी याची तुलना करावी. दोन्हीकडे मूळ नट आणला होता. एका ठिकाणी त्याच्याभोवती नवी गोष्ट बांधली, दुसरीकडे त्याला जुन्याच गोष्टीत उभं केलं.

ऑस्ट्रेलियातूनच गेलेलं आणखी एक उदाहरण या प्रकरणाला अगदी लागून आहे. ‘कॅथ अँड किम’ ही ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीची २००२ मधली मालिका. आईची भूमिका जेन टर्नरने केली आणि मुलीची जिना रायलीने, आणि दोघी जवळजवळ एकाच वयाच्या. मुलीच्या भूमिकेतली चाळिशीतली बाई तंग कपडे घालून स्वतःला विशीतली सुंदरी समजते, हाच विनोदाचा गाभा. २००८ मध्ये एनबीसीने ती उचलली तेव्हा मुलीच्या भूमिकेत सेल्मा ब्लेअरला घेतलं, म्हणजे तरुण आणि खरोखर देखणी नटी. पोटावर घट्ट बसलेला तो कपडा आता विनोद उरला नाही, नुसता कपडा झाला. ती १७ भागांत संपली. हा प्रकार विल्फ्रेडला खऱ्या कुत्र्याच्या रूपात, संगणकाने तोंड हलवून दाखवण्यासारखा आहे. अंगावरचा संकेत मोडला की शब्द कितीही चांगले असले तरी वाचवत नाहीत.

काय बिघडलं आणि केव्हा

अमेरिकन ‘विल्फ्रेड’ने संकेत जपला, पण त्याला कारण चिकटवलं. पहिल्या हंगामाच्या शेवटी रायन तळघराचं दार उघडतो तर तिथे तळघर नाहीच, कपड्यांचं कपाट आहे. फार सुंदर क्षण आहे. ज्या सोफ्यावर बसून आपणही १३ भाग हसलो, तो सोफाच नाही. पण याच क्षणी मालिका प्रेक्षकाशी एक करार करते: आम्ही तुम्हाला उत्तर देऊ.

इथून कठीण जातं. दर हंगामात थोडं उत्तर द्यावं लागतं आणि पूर्ण उत्तर टाळावंही लागतं. भागांची नावं एकेका गुणावर किंवा भावनेवर ठेवलेली, ‘ट्रस्ट’, ‘फिअर’, ‘रिस्पेक्ट’, आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक अवतरण. यामुळे भाग स्वतंत्र धड्यासारखा चालतो. रहस्य मात्र पुढे सरकायला हवं असतं. या दोन चाली एकमेकींना अडवतात. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला रॉबिन विल्यम्स पाहुणा म्हणून येतो तो भाग सुरेख आहे, कारण त्यात खरं काय आणि भास काय हाच त्या भागाचा विषय आहे. तिसऱ्या हंगामापासून धुरा झकरमन यांच्याकडून दुसऱ्या लेखकांकडे गेली, आणि रहस्याचा भार वाढत गेला.

दुसरी पडझड जेनाच्या पात्राची. मूळ सारा घराच्या मध्यभागी आहे, सगळं तिच्यावरून चालतं. जेनाला वेगळा प्रियकर, वेगळं घर, टीव्हीच्या बातम्यांमधली वेगळी नोकरी. रायनचं तिच्यावरचं प्रेम दर काही भागांनी आठवून द्यावं लागतं. कुत्रा तिचा आहे म्हणून ती मालिकेत आहे, असं कधीकधी वाटू लागतं. आमच्या मते हे या रूपांतराचं सर्वांत मोठं नुकसान आहे, रहस्य लांबल्यापेक्षाही मोठं. त्रिकोण गेल्यावर विल्फ्रेडला मत्सर करायला कुणी उरलं नाही, आणि मत्सर हा त्या कुत्र्याचा सर्वांत खरा, सर्वांत हसवणारा गुण होता.

चौथा हंगाम दहा भागांचा, एफएक्सएक्स या भगिनी वाहिनीवर. १३ ऑगस्ट २०१४ ला मालिका संपली. शेवटच्या भागाचं नाव पुन्हा ‘हॅपिनेस’. एक पंथ, त्याच्या पुराणकथा, कुत्र्याच्या रूपातला देव, असे बरेच धागे ओढून झाल्यावर उत्तर येतं ते रायनच्या मनाच्या आजाराचं. कुत्रा आजाराने मरतो, आणि जो माणूस दिसत होता तो आपल्याच डोक्यातला होता हे रायनला मानावं लागतं. पंथाची गुंतागुंत उत्तराला लांबवण्यापलीकडे फारसं काही देत नाही. पण त्यानंतर रायन जो निर्णय घेतो तो जागेवर बसतो. पहिल्या रात्री जो माणूस जगायला तयार नव्हता, तो आता आपला भास कळूनही त्याला सोबत ठेवून जगायचं ठरवतो.

कोणत्या क्रमाने पाहावं

दोन्ही मालिका समजून घ्यायच्या असतील तर आधी लघुपट, मग ऑस्ट्रेलियन पहिला भाग, मग अमेरिकन ‘हॅपिनेस’, तिन्ही एकाच संध्याकाळी पाहावेत. जेमतेम तासभर लागतो. ऑस्ट्रेलियन भाग इंग्रजी सबटायटल लावूनच पाहावा. तिथली बोली भरभर जाते आणि अर्धे टोमणे शब्दांच्या शेपटात असतात. दुसऱ्यांदा पाहताना आवाज बंद करावा आणि फक्त बाईकडे बघावं, आधी साराकडे, मग जेनाकडे. विल्फ्रेड बोलत असतो त्या सेकंदांत या दोघी काय करत आहेत, हात कुठे आहेत, नजर कुठे जाते आहे. तिसऱ्यांदा फक्त अ‍ॅडम आणि रायन. अ‍ॅडम कुत्र्याला उत्तर देताना वैतागलेला असतो, आपल्या नशिबी आलेल्या सासुरवाडीच्या माणसावर वैतागावं तसा. रायन उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो, आणि प्रत्येक वेळी आधी खोलीतल्या दुसऱ्या माणसाकडे एकदा बघून घेतो.